रोंदा: ताहोच्या काठावरचे गाव आणि भोवतीचे डोंगर कसे पाहावेत

स्पेनच्या दक्षिणेकडील रोंदा या गावी येणारे बहुतेक प्रवासी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांतून सकाळी बसने येतात, पुलावर उभे राहून छायाचित्रे काढतात, जेवतात आणि दुपारी चारच्या सुमारास परतीची बस धरतात. त्या पाच तासांत पूल नक्की पाहून होतो, परंतु हे गाव अशा अवघड कड्यावर का वसले, त्याच्या भोवतीचे डोंगर त्याच्याशी कसे बांधलेले आहेत, यांपैकी काहीच हाती लागत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझे आग्रहाचे सांगणे असे की रोंदात किमान तीन रात्री राहावे, गाव दरीच्या तळातून वर पाहावे आणि पाण्याचा माग काढत पाहावे. इथली दरी पाण्याने कोरली आहे, इथला वेढा पाण्यामुळे संपला आहे आणि इथल्या डोंगरांतली गुहा, झाडे व गावेही पाण्यानेच घडवली आहेत. पुढचा सगळा क्रम याच धोरणाने लावला आहे.

आंदालुसिया प्रदेशातील मालागा जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर रोंदा आहे. ग्वादालेवीन ही नदी गावाच्या मधून जाते आणि तिने खडक कापून जी अरुंद, उभ्या कड्यांची घळ तयार केली आहे तिला ताहो म्हणतात. तिची खोली शंभर मीटरच्या आसपास आहे. घळीच्या दक्षिणेला जुने, मूर म्हणजे इथल्या मुस्लिम राजवटीच्या काळापासूनचे गाव आहे आणि उत्तरेला मेर्कादियो नावाचा नंतर वाढलेला भाग आहे. या लेखातली स्थलनामे मी स्पॅनिश उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. रस्त्यावरच्या पाट्या वाचताना एवढे लक्षात ठेवावे की रोमन लिपीतल्या ‘जे’ या अक्षराचा उच्चार तिथे ‘ह’ होतो, ‘एच’ बहुधा उच्चारलाच जात नाही आणि दोन ‘एल’ जोडून आले की ‘य’ म्हणतात. स्टेशनवर नाव सांगून तिकीट मागताना याचा फार उपयोग होतो.

पहिली पायरी: ऋतू ठरवणे

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर हे तीन महिने सर्वांत चांगले. एप्रिल-मेमध्ये डोंगर हिरवे असतात, रानफुले असतात आणि दिवसभर चालता येते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या वर सहज जाते, शिवाय वणव्याच्या भीतीने डोंगरातल्या काही वाटांवर निर्बंध येतात, त्यामुळे निसर्गासाठी जाणाऱ्याने उन्हाळा टाळलेलाच बरा. हिवाळ्यात गर्दी नसते, पण रात्री कडाक्याची थंडी पडते आणि पाऊस त्याच दिवसांत असतो. आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर असा मनात पक्का बसलेला असतो. तिथे नेमके तेच महिने कोरडे असतात आणि पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोंदाच्या दक्षिणेकडील हेनाल नदीच्या खोऱ्यात चेस्टनटची राने तांबूस-सोनेरी होतात. त्यासाठी कोणी मुद्दाम नोव्हेंबर निवडत असेल तर ती निवड योग्यच आहे, फक्त सामानात पावसाळी जाकीट हवे.

दुसरी पायरी: घरून निघण्यापूर्वीची कामे

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो, परंतु सुट्टीच्या हंगामात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून दोन-अडीच महिन्यांची मोकळीक ठेवावी. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण, परतीचे तिकीट, मुक्कामाचे पुरावे आणि बँकेची विवरणे ही मुख्य कागदपत्रे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. भाड्याने गाडी चालवायची असेल तर भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या परिवहन कार्यालयातून आधीच काढून घ्यावा, कारण तो तिथे गेल्यावर मिळत नाही.

दोन गोष्टींचे आरक्षण निघण्यापूर्वीच करावे. एक म्हणजे पिलेता गुहा, जिथे लहान गटांनाच वाटाड्याबरोबर आत सोडतात, आणि दुसरी म्हणजे ग्राथालेमाच्या पिन्सापो वनातील वाटेचा परवाना. या दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईल. बाकी गावातली तिकिटे जागेवर मिळतात.

तिसरी पायरी: रोंदापर्यंत पोहोचणे

जवळचे मोठे विमानतळ मालागाचे. तिथून रोंदा रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर आहे आणि बसला दोन तासांच्या आसपास लागतात. सेव्हियाहूनही बस येते. माद्रिदहून येणाऱ्यांना अतिवेगवान गाडीने आंतेकेरा-सांता आना येथे उतरून रोंदाची गाडी धरता येते. माझी शिफारस मात्र, वेळ असेल तर, निदान एका दिशेने आल्खेसीरास ते बोबादिया या जुन्या लोहमार्गाने जावे. हा एकेरी मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. रोंदाच्या खाली तो ग्वादियारो नदीच्या काठाने, बोगद्यांतून आणि लहान लहान स्थानकांवरून जातो आणि त्याच्याशिवाय इथल्या सर्वांत सोप्या पदभ्रमणाची सोय होत नाही. दिवसातून गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा पाहावे. मुसळधार पावसानंतर या मार्गावर दरडी येतात आणि गाडीऐवजी बस सोडली जाते, हेही ध्यानात असावे.

किनाऱ्यावरून, म्हणजे मार्बेयाच्या बाजूने, सान पेद्रो दे आल्कांतारा येथून येणारा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा आणि सतत वळणांचा आहे. गाडी लागण्याचा त्रास असलेल्यांनी पोटभर खाऊन त्या बसमध्ये बसू नये.

चौथी पायरी: मुक्काम कुठे करावा

रेल्वे आणि बस या दोन्ही स्थानकांची जागा मेर्कादियो भागात आहे आणि तिथून पुलापर्यंत पंधरा-वीस मिनिटांची चाल आहे. मेर्कादियोत राहिल्यास खाणावळी, दुकाने आणि गाड्या सोयीच्या पडतात. जुन्या गावात राहिल्यास दिवसाची गर्दी ओसरल्यावर संपूर्ण शांतता मिळते, मात्र तिथल्या गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आणि चढ-उताराच्या आहेत, चाकांची बॅग त्यांवर चालत नाही आणि पाहुण्यांच्या गाड्यांना जुन्या गावात सहसा प्रवेश नसतो. स्वतःची गाडी असेल तर ती सोकोर्रो चौकाखालच्या वाहनतळात किंवा स्थानकाजवळ ठेवून पायी यावे. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर मी निःसंकोच मेर्कादियो सुचवेन. जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला, वेशीबाहेर, सान फ्रान्सिस्को नावाची वस्ती आहे. तिथे खोल्या स्वस्त मिळतात, संध्याकाळी चौकात मुले खेळतात, गावकरी बाकांवर बसलेले असतात आणि आपण प्रवासी आहोत हे थोडा वेळ विसरायला होते.

पाचवी पायरी: पहिल्या संध्याकाळी दरीत उतरणे

सामान खोलीत ठेवल्यावर पहिल्यांदा पुलावर थांबून राहण्याचा मोह होईल. पूल ओलांडावा, जुन्या गावातल्या मारिया आउक्सिलियादोरा चौकात यावे आणि तिथून नागमोडी उतरणाऱ्या पायवाटेने खाली निघावे. दरी पश्चिमेकडे उघडते, त्यामुळे मावळतीचे ऊन थेट पुलाच्या अंगावर येते आणि दगड मधाच्या रंगाचा दिसू लागतो. हे दृश्य सकाळी मिळत नाही, तेव्हा पूल सावलीत असतो. पुलाच्या अगदी पायथ्याशी जाणाऱ्या भागाला तिकीट आहे आणि तो लवकर बंद होतो, तो पाहायचा असल्यास दुपारी उतरावे. अन्यथा जुन्या पाणचक्क्यांच्या वाटेने थोडे पुढे जाऊन मागे वळून पाहिले तरी पुरते. परत चढताना अर्धा तास धरावा, बूट पकड असलेले असावेत आणि हातात विजेरी असावी, कारण त्या वाटेवर दिवे नाहीत.

खाली उभे राहिल्यावर या पुलाचे खरे स्वरूप कळते. वरून तो साधा रस्ता वाटतो, खालून तो ९८ मीटर उंचीची दगडी भिंत आहे, जिच्या तळाशी एक लहान कमान, तिच्यावर उंचच उंच मधली कमान आणि दोन्ही बाजूंना दोन कमानी आहेत. पुएन्ते नुएवो म्हणजे ‘नवा पूल’. त्याच्या जागी १७३५ मध्ये एकाच मोठ्या कमानीचा पूल घाईने उभारला गेला होता. तो १७४१ मध्ये कोसळला आणि सुमारे पन्नास माणसे दगावली. त्यानंतर १७५१ मध्ये नव्या पुलाचे काम सुरू झाले आणि होसे मार्तीन दे आल्देउएला या वास्तुविशारदाच्या हाताखाली ते १७९३ मध्ये पूर्ण झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ हे काम चालले, कारण या खेपेस पाया थेट दरीच्या तळापासून उचलला होता. मधल्या कमानीच्या वर, रस्त्याच्या खाली, एक खोली आहे, जी एकेकाळी तुरुंग म्हणून वापरली जात असे. आता तिथे पुलाची माहिती देणारे छोटे प्रदर्शन आहे.

वर परत आल्यावर पुलाच्या कठड्यापाशी पाच मिनिटे शांत उभे राहावे. एरवी पक्षी आपल्या डोक्यावरून उडतात, इथे ते आपल्या पायांखाली असतात. कड्याच्या कपारींत राहणारे लाल चोचीचे डोमकावळे वाऱ्यावर पंख पसरून घिरट्या घालतात आणि त्यांची काळी पाठ वरून स्पष्ट दिसते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना हे नक्की दाखवावे.

सहावी पायरी: गावातला दिवस

सकाळी दहाच्या आत निघावे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बसेस येण्यापूर्वी अरुंद जागा पाहून होतात. सुरुवात घळीच्या पूर्वेकडच्या उतारावरून करावी. तिथे कासा देल रेय मोरो, म्हणजे ‘मूर राजाचे घर’, या नावाची वास्तू आहे. घर अठराव्या शतकातले आहे, त्यात कोणताही मूर राजा कधी राहिलेला नाही, आणि त्याची सुंदर पायऱ्यापायऱ्यांची बाग फ्रेंच उद्यानरचनाकार फोरेस्तिए यांनी १९१२ मध्ये आखली. परंतु इथे यायचे ते बागेखालच्या भुयारासाठी. त्याला ला मीना म्हणतात. चौदाव्या शतकात, मुस्लिम राजवटीत, वेढ्याच्या काळात गावाला पाणी मिळावे म्हणून कड्याच्या पोटातून थेट नदीपर्यंत हा जिना खोदला गेला. सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. त्या ओल्या असतात, उंचीला असमान असतात आणि काही ठिकाणी एका हाताने भिंतीचा आधार घेतल्याशिवाय पाऊल टाकवत नाही. मधूनमधून खडकात पाडलेल्या झरोक्यांतून उजेडाचा पट्टा येतो, पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज येतो, आणि शेवटी दार उघडल्यासारखी अचानक हिरवट, संथ नदी समोर येते.

या पायऱ्यांवरून ख्रिस्ती युद्धकैदी चामड्याच्या पखाली पाठीवर घेऊन पाणी वर नेत असत. ‘रोंदात पखाली वाहता वाहता तुला मरण येवो’ अशी शापवाणी त्या काळी रूढ होती. चढून वर येताना आपल्या हातात फक्त पाण्याची बाटली असते आणि तरीही दम लागतो, तेव्हा त्या शापाचा अर्थ नीट कळतो. १४८५ च्या मे महिन्यात कॅथलिक राजा फेर्नांदो याच्या सैन्याने तोफा लावून गावाला वेढा घातला आणि हे पाणी तोडले. त्यानंतर गाव फार काळ टिकू शकले नाही. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी मात्र वरच्या बागेतच थांबावे, यात काही कमीपणा नाही.

इथून उतार उतरत राजा फेलिपे पाचवा याच्या नावाच्या कमानीतून, नव्या पुलाहून वेगळ्या अशा जुन्या पुलाकडे यावे. त्याच्याही खाली, जिथे एक ओहोळ नदीला मिळतो तिथे, तेराव्या शतकातली अरबी स्नानगृहे आहेत. रोंदातली मला सर्वांत प्रिय जागा हीच. थंड, कोमट आणि गरम अशी तीन दालने ओळीने आहेत, छताच्या घुमटांना ताऱ्याच्या आकाराची गवाक्षे आहेत आणि दुपारी जमिनीवर उन्हाचे तारे सावकाश सरकत असतात. बाहेर रहाटाचा बुरूज अजून उभा आहे. जनावर गोल फिरवून ओढ्याचे पाणी वर काढत आणि छोट्या पन्हळीने आत नेत. मशिदीत जाण्यापूर्वी आणि परगावाहून वेशीत शिरण्यापूर्वी लोक इथे स्नान करत, म्हणूनच ही स्नानगृहे तटाबाहेर, पाण्यालगत आहेत. जवळच आठ तोंडांचा जुना कारंजा आहे. आंदालुसियातल्या उन्हात तिथे हात-तोंड धुण्यासारखे सुख नाही.

मग जुन्या गावात चढून सांता मारिया ला मायोर हे चर्च पाहावे. ते मशिदीच्या जागी उभे आहे आणि प्रवेशाशीच जुन्या मिहराबची, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, नक्षीदार कमान शिल्लक आहे. पुढे मोंद्रागोन प्रासादात नगरपालिकेचे संग्रहालय आहे, त्याच्या अंगणांसाठी अर्धा तास द्यावा. तिथून सरळ दक्षिणेला गेल्यास आल्मोकाबार वेस लागते. तेराव्या शतकातली ही वेस, तिच्या दोन अर्धवर्तुळाकार बुरुजांसह, गावाचा एकमेव सोपा प्रवेश राखत होती. बाकी तिन्ही बाजूंना कडा किंवा तीव्र उतार होता.

मेर्कादियोतील वर्तुळाकार रिंगण १७८५ मध्ये सुरू झाले आणि स्पेनमधल्या सर्वांत जुन्या बैलझुंजीच्या रिंगणांत ते गणले जाते. मधल्या वाळूचा व्यास ६६ मीटर आहे, भोवती दुमजली दगडी कमानी आहेत आणि पायी लढण्याच्या आधुनिक पद्धतीला आकार देणारा पेद्रो रोमेरो याच गावचा. बैलझुंज मला पाहवत नाही, आणि आपल्यापैकी अनेकांना ती पाहवणार नाही. परंतु झुंजी इथे वर्षातून मोजक्याच, प्रामुख्याने सप्टेंबरच्या सुरुवातीच्या जत्रेत होतात. एरवी रिकामी वास्तू पाहता येते आणि वास्तू म्हणून ती अव्वल आहे. जत्रेच्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत आणि भाव चढतात, तेव्हा त्या तारखा टाळाव्यात. रिंगणाच्या मागची आलामेदा ही बाग कड्याच्या टोकापर्यंत जाते. तिच्या सज्जांवरून उद्या-परवा जिथे जायचे ते डोंगर समोर दिसतात.

जेवणाचे वेळापत्रक आणि शाकाहार

दुपारचे जेवण दीड ते चार आणि रात्रीचे साडेआठनंतर, याच वेळा सर्वसाधारणपणे पाळल्या जातात. संध्याकाळी सहाला भूक लागल्यास पाव आणि कॉफी यांखेरीज फारसे काही मिळणार नाही. दुपारी दोन ते पाच बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे डोंगरात न्यायचा खाऊ सकाळीच घेऊन ठेवावा.

शाकाहारी मंडळींनी एक बारकावा पक्का लक्षात ठेवावा. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हटल्याने काम भागत नाही, कारण वाळवलेले डुकराचे मांस, ज्याला हामोन म्हणतात, ते अनेकांच्या लेखी वेगळे असते आणि टोमॅटोच्या घट्ट गार सूपवर, भाजीवर किंवा मसुरावर ते सहज भुरभुरले जाते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ असे तिन्ही शब्द म्हणावेत. शेवटचा मासळीसाठी. पालक आणि छोले, वांग्याचे तळलेले काप आणि वर उसाची काकवी, बदाम-लसणाचे गार आहोब्लांको, टोमॅटो व ऑलिव्ह तेल लावलेला भाजका पाव, हे पदार्थ आपल्या जिभेला लगेच रुचतात. पायोयो हे या डोंगरांतल्या पायोया जातीच्या शेळ्यांच्या दुधाचे चीज. ते उत्तम असते, मात्र विरजणासाठी प्राणिज घटक वापरला जाऊ शकतो, म्हणून काटेकोर शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावे. मांसाहारींनी बैलाच्या शेपटीचे मंद आचेवर शिजवलेले मांस, राबो दे तोरो, मागवावे. ‘येमास’ हा गोड पदार्थ अंड्याच्या बलकाचा असतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

सातवी पायरी: गाडीशिवाय डोंगर

नवख्याने तिसऱ्या दिवशी बेनाओहान ते हिमेरा दे लीबार ही वाट करावी. सकाळच्या गाडीने रोंदाहून बेनाओहान-मोन्तेहाके स्थानकावर उतरावे. तिथून ग्वादियारो नदीच्या काठाकाठाने सुमारे आठ किलोमीटर चालत पुढच्या, म्हणजे हिमेरा दे लीबारच्या स्थानकावर पोहोचावे आणि गाडीने परतावे. चढ किरकोळ आहे, अडीच ते तीन तास पुरतात, रूळ आणि नदी कधी नजरेआड होत नाहीत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. एक मात्र काटेकोरपणे करावे: परतीच्या गाडीची वेळ आधी ठरवावी आणि तिच्या चार तास आधी चालायला सुरुवात करावी. पहिल्या खेपेस मी वेळेचा हिशेब अगदी जुळवून निघालो होतो, नदीकाठी एक पाणमांजर दिसेल या आशेने रेंगाळलो आणि शेवटचे दोन किलोमीटर जवळजवळ धावत गाठावे लागले. वाटेवर दुकान नाही, दीड लिटर पाणी बरोबर हवे.

बेनाओहान स्थानकाच्या परिसरातूनच गातो गुहेच्या मुखाकडे चालत जाता येते. चुनखडीच्या कड्यात उघडलेल्या मोठ्या तोंडातून पाणी बाहेर येते आणि खाली निळसर, उन्हाळ्यातही बोचरा गारवा असलेला डोह तयार होतो. हे पाणी डोंगरापलीकडे मोन्तेहाकेजवळ उन्दिदेरो या प्रचंड भेगेतून आत शिरते आणि काही किलोमीटर जमिनीखालून वाहून इथे प्रकटते. आत शिरण्याचा विचारही करू नये, तो प्रशिक्षित गुहाशोधकांचा, परवान्याचा मामला आहे. पलीकडच्या तोंडाशी मात्र एक बोलका अवशेष उभा आहे. १९२० च्या दशकात विजेसाठी इथे उंच धरण बांधले गेले, पण चुनखडी इतकी सच्छिद्र की पाणी तळातून झिरपून निघून गेले आणि धरण उपयोगात आलेच नाही. या प्रदेशातला दगड पाणी धरून ठेवत नाही, हे तिथे उभे राहिल्यावर पुस्तकाविना कळते.

पिलेता गुहाही बेनाओहानच्याच हद्दीत आहे, पण स्थानकापासून लांब असल्याने टॅक्सी किंवा गाडी लागते. १९०५ मध्ये होसे बुयोन या शेतकऱ्याने वटवाघळांचे खत शोधताना ती शोधली. अश्मयुगातली घोडे, बकऱ्या आणि एक मोठा मासा यांची चित्रे आत आहेत. विजेची रोषणाई नसते, हातातल्या दिव्यांच्या उजेडात वाटाड्या दाखवतो, आणि छायाचित्रणास मनाई आहे. त्या मनाईचा राग मानू नये. दिव्याच्या हलत्या उजेडात भिंतीवरचा मासा डोळ्यांनी पाहणे हाच तिथला अनुभव आहे.

आठवी पायरी: गाडी घेऊन ग्राथालेमा आणि निएवेस

चौथा दिवस हाताशी असेल तर गाडी भाड्याने घ्यावी. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, ही सवय होईपर्यंत घाटात हळू जावे. रोंदाहून पश्चिमेला तासाभराच्या आत ग्राथालेमा हे पांढरे गाव येते. भोवतीचे डोंगर १९७७ मध्ये युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांत आले. अटलांटिकवरून येणारे ओले वारे सर्वांत आधी याच उंच डोंगरांना अडतात, आपल्या सह्याद्रीला मोसमी वारे अडतात तसेच, आणि म्हणून आंदालुसियासारख्या कोरड्या मुलखात इथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो.

या पावसामुळेच इथे पिन्सापो हा फरवृक्ष टिकला. हिमयुगांपूर्वीच्या वनांचा हा अवशेष आहे. रानटी अवस्थेत तो रोंदाच्या भोवतालच्या मोजक्या डोंगरांवरच उगवतो आणि स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ बुआसिए यांनी १८३७ च्या प्रवासात त्याची विज्ञानाला ओळख करून दिली. त्याची डहाळी हातात घेऊन पाहावी: आखूड, ताठ, बोथट पाने चहूबाजूंनी सारखी उगवलेली असतात, बाटली धुण्याच्या ब्रशसारखी, आणि बोट उलटे फिरवले तर टोचतात. डहाळी तोडू मात्र नये. ग्राथालेमाहून बेनामाहोमाकडे जाणारी पिन्सापो वनातील वाट अकरा-बारा किलोमीटरची आहे, सुरुवातीचा चढ दमवणारा आहे आणि तिला उद्यान कार्यालयाचा परवाना लागतो. परवाना मोफत असतो, पण रोजची संख्या मर्यादित आहे आणि उन्हाळ्यात वाट बंद असते किंवा कडक निर्बंध असतात. परवाना न मिळाल्यास पालोमास खिंडीतून थाआरा दे ला सिएर्राकडे गाडीने जावे. खिंडीच्या माथ्यावर थांबल्यास गिधाडे डोळ्यांच्या पातळीवर तरंगताना दिसतात. थाआराचा किल्ला एका निळ्याहिरव्या जलाशयावर उभा आहे. १४८१ च्या डिसेंबरात ग्रानादाच्या मुस्लिम सुलतानाने तो ख्रिस्ती सैन्याकडून अचानक घेतला आणि त्यातूनच ग्रानादाचे दहा वर्षांचे युद्ध पेटले.

परतताना सेतेनिल दे लास बोदेगास वाटेत करता येते. ओढ्याने खडक खालून पोखरला आणि लोकांनी त्या कपारींना फक्त पुढची भिंत घालून घरे केली, त्यामुळे रस्त्यावर उभे राहिले तरी डोक्यावर खडकाचे छत असते. शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळी दहापूर्वी किंवा संध्याकाळी उशिराच जावे. जवळच्या पठारावर आसिनिपो या रोमन नगराचे रंगमंदिर आहे. उघडण्याचे दिवस मोजकेच असतात, आधी चौकशी करून जावे.

दमदार चालणाऱ्यांसाठी रोंदाच्या आग्नेयेकडील सिएर्रा दे लास निएवेस ही डोंगररांग राखून ठेवावी. हे २०२१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. केहिगालेस येथून तोर्रेसिया या १,९१९ मीटर उंच शिखरावर जाऊन येण्यास पूर्ण दिवस लागतो. पिन्सापोच्या दाट सावलीतून वाट वर येते आणि मग उघड्या माळावर वाकडेतिकडे, वाऱ्याने पिळलेले ओक लागतात. वाटेत दगडांनी बांधलेले मोठे गोल खड्डे दिसतील, त्यांपाशी थांबावे. निएवेस म्हणजे हिम. बर्फाचे कारखाने येण्यापूर्वी डोंगरातले मजूर हिवाळ्यात या खड्ड्यांत हिम दाबून भरत, वर पालापाचोळ्याचा जाड थर देत आणि उन्हाळ्यात रात्रीच्या गारव्यात खेचरांवर लादून खालच्या शहरांना विकत. माथ्यावर ढग उतरू लागले तर शिखराचा हट्ट न धरता आल्या वाटेने परतावे, दुपारी दोनच्या पुढे चढू नये, आणि काही अडचण आल्यास ११२ या क्रमांकावर फोन करावा. दऱ्यांत मोबाइलला जोडणी नसते, म्हणून कुठे जातो आणि किती वाजता परततो, हे सकाळी मुक्कामाच्या ठिकाणी सांगून ठेवावे.